वर्षभर न सांगितलेले मार्चमध्ये लिहू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या काही दिवसांत खान्देशातील शाळा नव्या शैक्षणिक वर्षासाठी उघडतील. पहिल्या आठवड्यात बहुतेक शाळांत शिक्षकांची सभा होते. वेळापत्रक, वर्गशिक्षकांच्या नेमणुका, निरनिराळ्या समित्या आणि प्रवेशाचे आकडे यांवर बोलणे होते आणि सभा संपते. मुख्याध्यापक वर्षभरात शिक्षकाच्या कामाविषयी मत कसे बनवणार, ते त्याला केव्हा सांगणार आणि शेवटी ते कागदावर कसे उतरणार, हा विषय मात्र या सभेत सहसा निघत नाही. जळगाव जिल्ह्यातील अनुदानित माध्यमिक शाळांत आधी शिक्षक आणि नंतर पर्यवेक्षक म्हणून काम करताना माझी अशी खात्री झाली आहे की, मुख्याध्यापक आणि शिक्षक यांच्यातील अविश्वासाचे मूळ माणसांच्या स्वभावात कमी आणि या न ठरलेल्या गोष्टीत अधिक असते. पर्यवेक्षक मधल्या जागी असल्यामुळे शिक्षकखोलीतले आणि कार्यालयातले, असे दोन्हीकडचे बोलणे त्याच्या कानावर पडते. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

मेमो, कारणे दाखवा नोटीस आणि शाळा न्यायाधिकरणापर्यंत गेलेले वाद बाहेर दिसतात. पण पुष्कळ शाळांत अविश्वास कसलाही गाजावाजा न होता नांदत असतो. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत अहिराणीत मोकळ्या गप्पा चाललेल्या असतात, मुख्याध्यापक दारात आले की त्या थांबतात आणि सगळे जण प्रमाण मराठीत मोजके बोलू लागतात. एवढ्यावर भागले असते तर त्यासाठी पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. आठवीच्या वर्गातील काही मुलांना सलग परिच्छेद वाचता येत नाही किंवा अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, हे वर्गावरच्या शिक्षकाला जुलैमध्येच कळलेले असते. परंतु ही गोष्ट कार्यालयात सांगितली तर ती मुलांची अडचण म्हणून ऐकली न जाता आपल्या कामातील त्रुटी म्हणून नोंदली जाईल, या भीतीने तो ती सांगत नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदी नीटनेटक्या भरल्या जातात, मुख्याध्यापक त्या वर पाठवतात आणि मूल नववीत जाते. दहावीच्या सराव परीक्षेत जेव्हा खरी स्थिती उघड होते, तेव्हा काही करण्याजोगा वेळ उरलेला नसतो. मोठ्या माणसांच्या आपसातील अविश्वासाची किंमत अशा रीतीने मुलांना मोजावी लागते, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांच्या नाराजीचा मानता येत नाही.

अमेरिकेतील अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या अभ्यासकांनी 1990 च्या दशकात शिकागो शहरातील प्राथमिक शाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला होता. ज्या शाळांत शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यातील विश्वास पक्का होता, त्या शाळांत वाचन आणि गणितातील प्रगती होण्याची शक्यता कमी विश्वास असलेल्या शाळांपेक्षा कितीतरी अधिक आढळली. परस्परांविषयी आदर, कामातील क्षमता, माणूस म्हणून वाटणारी आस्था आणि बोलणे व वागणे यांतील मेळ, या चार गोष्टींवरून लोक एकमेकांवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतात, असे त्यांनी मांडले. शिकागो आणि माझे गाव पारोळा यांच्या परिस्थितीत साम्य फारसे नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही या चारांपैकी शेवटची गोष्ट, म्हणजे बोलणे आणि वागणे यांतील मेळ, आपल्याकडे सर्वांत आधी कुठे तुटते हे पाहायचे असेल तर गोपनीय अहवालाकडे पाहावे लागेल.

महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आणि त्याखालील नियमावली 1981 ची आहे. शिक्षकाने स्वयंमूल्यमापन भरून द्यायचे, मुख्याध्यापकांनी त्याच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहायचा आणि त्यात प्रतिकूल शेरा असेल तर तो संबंधिताला लेखी कळवायचा, अशी ही पद्धत आहे. परिवीक्षेवरील, म्हणजे कायम होण्यापूर्वीच्या चाचणी काळातील, कर्मचाऱ्याच्या कामाचे मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावे आणि त्याची नोंद ठेवावी, असेही नियमावलीत सांगितले आहे. 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवड श्रेणी यांच्या प्रस्तावांत हेच अहवाल पाहिले जातात. म्हणजे या दोन-तीन पानांचे शिक्षकाच्या आयुष्यात मोठे वजन आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी अहवाल मार्चअखेरीस, परीक्षांच्या धांदलीत, एका बैठकीत लिहून काढले जातात. ज्यांच्याशी जमते त्यांना चांगली श्रेणी मिळते, ज्यांच्याशी जमत नाही त्यांच्या वाट्याला मोघम शेरे येतात आणि बाकीच्यांना सरसकट एकसारखी श्रेणी दिली जाते. ती एकसारखी श्रेणीही अन्यायकारकच असते, कारण खपून काम करणाऱ्याला ते कोणी पाहिले की नाही हे त्यावरून कळत नाही.

शासकीय सेवकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, प्रतिकूल असो वा अनुकूल, गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे; पुढे 2013 मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. खाजगी अनुदानित शाळांनी त्यामागचे तत्त्व स्वीकारण्यास अडचण येण्याचे कारण दिसत नाही. माझे म्हणणे याच्याही एक पाऊल पुढचे आहे. अहवाल लिहून झाल्यावर तो दाखवणे पुरेसे नाही. जी गोष्ट वर्षभरात शिक्षकाला समोर बसवून सांगितली नाही, सुधारण्यासाठी वेळ आणि मदत देऊन पुन्हा पाहिली नाही, ती मार्चमध्ये अहवालात लिहूच नये.

माझ्या पाहण्यातील एका शाळेत विज्ञानाच्या एका तरुण शिक्षण सेवकाच्या (सुरुवातीची तीन वर्षे मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकाच्या) अहवालात ‘वर्गावर नियंत्रण नाही’ असा शेरा आला. त्या वर्षी त्याच्या तासाला मुख्याध्यापक किंवा आणखी कोणी बसल्याची एकही नोंद लॉगबुकात, म्हणजे पाठ निरीक्षणाच्या वहीत, नव्हती. शेरा खोटा होता असे मी म्हणत नाही. साठ मुलांना एकदम प्रयोगशाळेत नेल्यावर गोंधळ होत होता, तो व्हरांड्यातून जाणाऱ्या कोणालाही ऐकू येत असे. परंतु सप्टेंबरमध्ये कोणी त्याला सांगितले असते की अर्ध्या मुलांना वर्गात आकृत्या आणि निरीक्षणे लिहायला बसवा, अर्ध्यांना प्रयोगाला न्या, आणि सुरुवातीचे काही तास एक अनुभवी सहकारी सोबत दिला असता, तर प्रश्न दिवाळीपूर्वीच सुटला असता. शिक्षण सेवकाची तीन वर्षे फार नाजूक असतात. 2023 मध्ये वाढ झाल्यानंतरही माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा 18,000 रुपये आहे, घर बहुधा दूरच्या जिल्ह्यात असते आणि पुढील नेमणूक ज्या मतावर अवलंबून असते ते मत त्याला कोणी सांगत नाही. अशा माणसाकडून मोकळेपणाने अडचण सांगण्याची अपेक्षा कशी करता येईल?

याच्या अगदी उलट अनुभवही मी घेतला आहे आणि तो थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो. एका ग्रामीण शाळेत आलेल्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच सभेत पाठ निरीक्षणाची पद्धत सांगून टाकली. कोणाच्या तासाला केव्हा बसणार ते दोन दिवस आधी कळवले जाई. ते शेवटच्या बाकावर बसत आणि वहीत शिक्षक काय करतो यापेक्षा मुले काय करत आहेत हे लिहीत: किती मुलांनी वही उघडली, प्रश्न कोणाला विचारले गेले, मागच्या दोन रांगांतील मुली एकदा तरी बोलल्या का, फळ्यावरचे उतरवण्यात किती वेळ गेला. त्याच दिवशी, ऑफ तासाला, ते शिक्षकाला कार्यालयात बोलावण्याऐवजी त्याच्याच वर्गात जाऊन बसत. पहिला प्रश्न असा असे की, तुमच्या मते आजचा तास कसा झाला. त्यानंतर स्वतःची नोंद वाचून दाखवत, दोघे मिळून सुधारणेची एकच बाब ठरवत आणि दोन-तीन आठवड्यांनी तेवढीच बाब पाहण्यासाठी ते पुन्हा येत. नोंदीची एक प्रत शिक्षकाकडे राही. पहिल्या निरीक्षणातील कोणतीही उणीव गोपनीय अहवालात जाणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि ते पाळले.

या मुख्याध्यापकांचा दुसरा निर्णय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नववीच्या एका तुकडीची भूमिती त्यांनी स्वतःकडे घेतली आणि त्या तासाला कोणीही येऊन बसावे, असे सांगितले. सुरुवातीला कोणी गेले नाही. मग गणिताचे एक शिक्षक गेले, त्यांनी एका प्रमेयाच्या मांडणीबद्दल शंका काढली आणि मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी ते प्रमेय वेगळ्या पद्धतीने शिकवून पाहिले. त्यानंतर शिक्षकखोलीतील बोलण्याचा विषय हळूहळू बदलत गेला. ज्या वर्गात वाचता न येणारी मुले होती त्या वर्गाच्या बाईंनी ती यादी स्वतः होऊन कार्यालयात नेली. शाळा भरण्यापूर्वी त्या मुलांसाठी वाचनाचा वेगळा तास सुरू झाला आणि त्याला मराठीच्या शिक्षकांबरोबर चित्रकलेचे शिक्षकही थांबू लागले. जो स्वतः वर्गावर उभा राहतो त्याने काढलेली चूक शिक्षक ऐकून घेतो. केवळ कार्यालयातून वर्गाकडे पाहणाऱ्याला हा अधिकार मिळवणे फार अवघड जाते.

यावर कोणी म्हणेल की इतके सांभाळून घेतले तर कामचुकार शिक्षकाला मोकळे रान मिळेल. मला तसे वाटत नाही. तारखेनिशी केलेले निरीक्षण, दिलेली मदत, पुन्हा केलेली पाहणी आणि त्यावर शिक्षकाची सही, एवढे हाती असेल तर कठोर शेराही ठामपणे लिहिता येतो आणि पुढे कारवाई करावी लागली तर ती टिकते. कार्यपद्धती न पाळल्यामुळे कारवाई रद्द झाल्याची उदाहरणे शिक्षण क्षेत्रात सर्वांना माहीत आहेत. आजच्या पद्धतीत उलट कामचुकारालाच संरक्षण मिळते, कारण त्याच्याविरुद्ध रागाशिवाय लेखी काहीच नसते.

पाठ निरीक्षणाइतकाच दुसरा कसोटीचा विषय म्हणजे दैनंदिन कामाचे वाटप. आपल्याकडे अप-डाउन करणारे शिक्षक बरेच आहेत. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांनी अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबारकडे जाणाऱ्यांना गाडी रेंगाळली की उशीर होतो. एकाला ‘असू द्या’ म्हणून सही करू दिली आणि दुसऱ्याची अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा लावली, तर त्या एका सकाळची आठवण वर्षानुवर्षे राहते. किती मिनिटांपर्यंत सवलत आणि महिन्यातून किती वेळा, हे जूनमध्ये लिहून लावले की मुख्याध्यापकांना दर वेळी माणूस पाहून निर्णय घ्यावा लागत नाही. गैरहजर शिक्षकाऐवजी कोणी तास घ्यायचा याची, म्हणजे बदली तासांची, वही सर्वांना पाहता येईल अशा जागी ठेवावी. निवडणुकीची आणि जनगणनेची कामे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना देता येतात, त्यामुळे ती कोणाला तरी करावीच लागतात. परंतु तहसील कार्यालयाकडे कोणाची नावे कोणत्या क्रमाने गेली, हे गुपित ठेवण्याचे कारण नाही.

पटसंख्या घटत असलेल्या शाळांत यापेक्षाही मोठी भीती असते. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद कमी झाले की कोणीतरी अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाने दुसऱ्या कोणत्या शाळेत जावे लागेल हे सांगता येत नाही. कोण अतिरिक्त ठरणार हे सेवाज्येष्ठतेवर अवलंबून असते आणि मुख्याध्यापकपदही बहुतांशी सेवाज्येष्ठतेनेच मिळते. ज्येष्ठता यादी सर्वांना द्यावी आणि पोच म्हणून सह्या घ्याव्यात, असे 1981 च्या नियमावलीत स्पष्ट असूनही काही संस्थांत ही यादी वाद उभा राहिल्यावरच बाहेर येते. वीस वर्षे एका बाकावर डबा खाल्लेले दोन शिक्षक त्या एका कागदामुळे एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. त्यांपैकी एक पुढे मुख्याध्यापक होतो, आणि त्या शाळेतील अविश्वास पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो.

सातपुड्यातील शाळांचे चित्र निराळे आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दोन शिक्षकी शाळेत पदोन्नतीने आलेला मुख्याध्यापक नसतोच. दोघांपैकी एकाकडे प्रभार असतो. तो केंद्राच्या बैठकीला, तालुक्याला माहिती द्यायला किंवा पोषण आहाराच्या हिशेबासाठी खाली उतरला की दुसऱ्याला सर्व वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात. मुले घरी भिली किंवा पावरी बोलतात, दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि पटाची चिंता दोघांनाही सारखीच असते. अशा ठिकाणी विश्वास हा कामाच्या वाटणीचा प्रश्न असतो. प्रभार असलेल्याने बैठकीत काय ठरले ते परत आल्यावर पूर्ण सांगावे, अनुदान आणि खर्च यांच्या नोंदी दुसऱ्याला दाखवाव्यात. आणि दुसऱ्याने, प्रभाराचे वेगळे काही मिळत नसताना तो माणूस जे ओझे वाहतो आहे, ते स्वतःचेही मानावे. वरच्या कार्यालयांनी एकच माहिती तीन वेळा मागणे थांबवले तर या शाळांचे निम्मे प्रश्न हलके होतील, असे तेथील शिक्षक सांगतात आणि मला ते पटते.

मुख्याध्यापकांची बाजू मांडल्याशिवाय हे पत्र न्याय्य होणार नाही. शालार्थ या वेतन प्रणालीतील देयके, यूडायस प्लस पोर्टलवरची शाळेची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधारची पडताळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा आणि ‘आजच्या आज’ मागवलेले तक्ते यांत त्यांचा दिवस जातो. लिपिकाचे पद रिक्त असेल तर हे सारे त्यांनाच करावे लागते. त्यातच एखादा शिक्षक रजेसाठी मुख्याध्यापकांना न विचारता थेट संस्थाचालकांना फोन करतो आणि संस्थाचालक कार्यालयाला परस्पर निरोप देतात. असे दोनदा झाले की मुख्याध्यापकांच्या शब्दाला शाळेत किंमत राहत नाही. आपल्या भागात गावकी, नातीगोती आणि संस्थांच्या निवडणुका यांचे धागे शिक्षकखोलीपर्यंत पोहोचतात. त्यामुळे शिक्षकांनीही आपली तक्रार आधी मुख्याध्यापकांपुढे मांडण्याचे पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे, आणि संस्थाचालकांनी ‘सरांशी बोललात का?’ एवढे विचारल्याशिवाय कोणाचेही ऐकू नये. नवीन शैक्षणिक धोरणाने शिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांसाठीही वर्षाला किमान 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सुचवले आहे. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात पोर्टल भरण्याला जितका वेळ मिळतो तितका तरी वेळ पाठ कसा पाहावा आणि त्यावर कसे बोलावे यासाठी मिळावा.

साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले तेव्हा ते पंचविशीतले होते. शाळेने त्यांच्याकडे छात्रालयाची जबाबदारी सोपवली, आणि तेथे मुलांची सेवा करण्यापासून त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढण्यापर्यंत त्यांनी केलेले काम खान्देशात आजही सांगितले जाते. त्यांच्या त्यागाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. नवख्या शिक्षकाला इतकी जागा देणारे शाळेतील वरिष्ठही त्या कामाचे वाटेकरी होते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, या वर्षीच्या पहिल्याच सभेत पाठ निरीक्षणाची पद्धत, उशिराची सवलत, बदली तासांचा क्रम आणि ज्येष्ठता यादी या बाबी लेखी स्वरूपात सर्वांपुढे ठेवण्यास मुख्याध्यापकांना सांगावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक शिक्षकाशी मुख्याध्यापकांची स्वतंत्र चर्चा व्हावी आणि तिची नोंद दोघांच्या सहीने राहावी, म्हणजे दुसऱ्या सत्रात सुधारणेला वाव राहील. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून काही तास तरी स्वतः घ्यावेत आणि त्यासाठी कार्यालयाच्या बैठका शक्यतो दुपारनंतर ठेवाव्यात. मार्चनंतर गोपनीय अहवाल पुनर्विलोकनासाठी संस्थेकडे येतील तेव्हा ज्या अहवालातील प्रतिकूल शेऱ्यासोबत निरीक्षणाची तारीख आणि दिलेल्या मदतीची नोंद नसेल, तो अहवाल संस्थेने न स्वीकारता परत पाठवावा.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक,
पारोळा, जि. जळगाव